अ‍ॅप चालू, फोटो गायब

2025 च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यात भूम, परंडा, वाशी, कळंब या भागात जे पाणी आलं, त्यात उभं सोयाबीन तर गेलंच, पण कित्येक शेतांत खालची मातीही खरवडून गेली. अशा वेळी बांधावर उभं राहून मोबाईलवर काढलेला फोटो हा पुरावा असतो, आणि तो पुन्हा काढता येत नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः पिकाचा फोटो काढून नोंद करू लागला, तसं फोटो चढवणं वाशीसारख्या तालुक्यातही अंगवळणी पडलं. आता दूध संकलन, खव्याच्या भट्ट्या, कृषी सेवा केंद्राची उधारी असल्या कामांसाठी संगणक शिकलेली गावातली पोरंही लहानसहान अ‍ॅप लिहू शकतात. असल्या अ‍ॅपमध्ये ‘फोटो जोडा’ हे बटण हमखास लागतं. जोडलेला फोटो राहतो कुठे, याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत, आणि ते महागात पडणारे आहेत.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की अ‍ॅपने फाईल लिहिली म्हणजे ती सर्व्हरवर राहिली.

समजा, वाशीतल्या एका विद्यार्थ्याने शेतकरी उत्पादक कंपनीसाठी जँगो या वेब-चौकटीत अ‍ॅप लिहिलं. शेतकरी काट्यावरच्या पावतीचा फोटो चढवतो. फाईल ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि तिचा पत्ता डेटाबेसच्या तक्त्यात लिहिला जातो. लॅपटॉपवर सगळं चोख चालतं. मग अ‍ॅप हेरोकू किंवा रेंडरसारख्या प्लॅटफॉर्मवर चढतं. संध्याकाळपर्यंत फोटो दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत शेतकऱ्याचं नाव आहे, तारीख आहे, वजन आहे. फोटोच्या जागी मात्र तुटक्या चित्राची खूण. उघडायला गेलं तर 404. पोरगं कोड तपासत बसतं, आणि कोडमध्ये काहीच चूक सापडत नाही.

चूक कोडमध्ये नसतेच. या प्लॅटफॉर्मवर अ‍ॅप ज्या कंटेनरमध्ये चालतं, तो आठवडी बाजारातल्या पालासारखा असतो. बाजार भरला की उभा राहतो, उठला की गुंडाळला जातो, आणि पुढच्या वेळी कोऱ्या जागेवर नव्याने ठोकला जातो. खतावणी पालात ठेवून कुणी घरी जात नाही. हेरोकू आपला प्रत्येक डायनो, म्हणजे असा कंटेनर, दिवसातून किमान एकदा नव्याने सुरू करतं. रेंडरच्या मोफत योजनेत पंधरा मिनिटं कुणी फिरकलं नाही तर अ‍ॅप झोपतं. ते जागं होतं तेव्हा त्याच्याजवळ फक्त तुम्ही चढवलेला कोड असतो, मधल्या काळात लिहिलेल्या फाईली नसतात. प्रत्येक नव्या डिप्लॉयलाही हेच घडतं. गूगलच्या क्लाऊड रनमध्ये तर साध्या फोल्डरात लिहिलेली फाईल मुळात डिस्कवर जातच नाही. ती मेमरीत राहते आणि अ‍ॅपच्या वाट्याची मेमरी खाते.

हा प्लॅटफॉर्मचा दोष आहे असं मला वाटत नाही. यंत्र बिघडलं तर अ‍ॅप दुसऱ्या यंत्रावर हलवायचं, गर्दी झाली तर एकाचे चार करायचे, सुरक्षेच्या दुरुस्त्या बसवायच्या, हे सगळं बिनबोभाट तेव्हाच जमतं जेव्हा कंटेनर कधीही फेकून देता येतो. नावं, तारखा टिकल्या त्या डेटाबेस वेगळ्या जागी होता म्हणून. ज्याने जँगोचा मूळचा एस्क्यूलाइट डेटाबेस तसाच ठेवला, त्याची गत आणखी वाईट होते. एस्क्यूलाइटचा सगळा डेटाबेस म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरमधली एकच फाईल. फोटोंबरोबर तीही जाते आणि यादी कोरी होते. विद्यार्थ्यांच्या अ‍ॅपमध्ये हा घोटाळा सहज होतो, कारण शिकवण्या लॅपटॉपवर चालवून दाखवण्यापाशी संपतात.

हे कळलं की लगेच दुसरा समज तयार होतो : मग डिस्क विकत घेतली की काम झालं. अर्धं होतं. रेंडरच्या पैसे भरून घेतलेल्या सेवेला कायमची डिस्क जोडता येते, रेल्वे आणि फ्लाय यांच्याकडे व्हॉल्यूम मिळतो. पण डिस्क ज्या फोल्डरला जोडली, त्याच फोल्डरमधल्या फाईली टिकतात. डिस्क एका ठिकाणी आणि ‘मीडिया’ फोल्डर दुसऱ्या ठिकाणी राहिला, तर पैसे भरूनही फोटो जातात. शिवाय रेंडरची डिस्क एकाच चालत्या प्रतीला लागते. ती लावल्यावर एका अ‍ॅपच्या दोन प्रती चालवता येत नाहीत, आणि नवी आवृत्ती चढवताना सेवा थोडा वेळ बंद राहते. सोयाबीन खरेदीच्या हंगामात हे लक्षात ठेवावं लागेल.

फोटो, पीडीएफ, पावत्या यांच्यासाठी योग्य जागा म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेज. अ‍ॅमेझॉनने मार्च 2006 मध्ये एस-थ्री सुरू केलं, तेव्हापासून ही पद्धत रूढ आहे. इथे फाईल अ‍ॅपच्या यंत्रावर राहतच नाही. ती बकेटमध्ये, म्हणजे साठवणीच्या कप्प्यात, एका नावाखाली जाते, अ‍ॅप कितीही वेळा बंद-चालू झालं तरी जागची हलत नाही, आणि दहा प्रती चालू असल्या तरी दहाही प्रतींना तीच दिसते. एवढं मात्र आहे, की तिथली फाईल उघडून मधल्या दोन ओळी बदलता येत नाहीत, पूर्ण फाईल नव्याने चढवावी लागते. म्हणून डेटाबेस तिथे चालवू नये. जँगोत ‘जँगो-स्टोरेजेस’ हे पॅकेज घालून सेटिंग बदललं की ‘मीडिया’ची वाट बकेटकडे वळते. याहून चांगली रीत म्हणजे अ‍ॅपने थोड्या मिनिटांपुरता चालणारा सहीबंद दुवा द्यायचा आणि मोबाईलने फोटो थेट बकेटमध्ये टाकायचा. बालाघाटच्या डोंगराआड नेटवर्क रखडतं, तेव्हा सर्व्हर अडकून पडत नाही.

फाईल आणि संकेतस्थळ वेगळं ठेवण्याचं उदाहरण सरकारी व्यवस्थेतही आहे. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मराठवाड्यातली निजामकाळातली मोडी आणि उर्दू दप्तरं बाहेर निघाली आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती जिल्हा संकेतस्थळांवर आल्या. जिल्ह्याच्या संकेतस्थळावरची एखादी पीडीएफ उघडून वरचा पत्ता वाचा. तिथे जिल्ह्याचं नाव नसतं, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या व्यवस्थेच्या फाईल-साठ्याचा पत्ता असतो. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीशी या नावाचा संबंध नाही. पानं एकीकडे, कागद दुसरीकडे, हीच मांडणी आपल्या लहान अ‍ॅपलाही हवी.

‘क्लाऊडमध्ये आहे म्हणजे बॅकअप आहेच’ हा समज तर शिकलेल्या माणसांचाही असतो. एस-थ्री वर्षाला 99.999999999 टक्के टिकाऊपणाच्या हिशोबाने बांधलेलं आहे. पण ती खबरदारी डिस्क बिघडण्याविरुद्ध आहे. तुम्हीच चुकीचं फोल्डर पुसलंत, तर ते पुसण्याचं कामही एस-थ्री तितक्याच निष्ठेने करतं. जुन्या आवृत्त्या राखायच्या तर व्हर्जनिंग चालू करावं लागतं, मुळात ते बंद असतं.

26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाईलींचा 858 टेराबाइटचा साठा गेला. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं, तेव्हाही बॅकअप न घेतलेल्या अनेक ग्राहकांचा डेटा परत मिळाला नाही. कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेचं प्रकरण आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. 31 जानेवारी 2017 ला एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअप पाहायला गेले तर एस-थ्रीची बकेट रिकामी. रोजचा बॅकअप कितीतरी दिवस फसत होता आणि तसं सांगणारे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाताशी होती, म्हणून निभावलं.

आपला डेटा परदेशातच जातो, हे आता खरं नाही. अ‍ॅझ्युअर पुण्यात 2015 पासून आहे, अ‍ॅमेझॉन मुंबईत 2016 पासून आणि गूगल 2017 पासून. पण जागा निवडावी लागते. न निवडता पुढे गेलात तर बकेट अमेरिकेत तयार होऊ शकते.

आणि ‘फोटो दिसत नाही, बकेट पब्लिक कर’ हा सल्ला मुळीच ऐकू नका. पावतीबरोबर आधार आणि बँक पासबुकाची पानंही त्याच बकेटमध्ये असतात. एप्रिल 2023 पासून अ‍ॅमेझॉन नवी बकेट बंदच ठेवून देतं. ते कुलूप काढू नका. फाईल दाखवायची असेल तर वर सांगितला तसाच मुदतीचा दुवा द्या.

शेतकऱ्यांच्या हातात अ‍ॅप देण्याआधी एक चाचणी करा. एक फोटो चढवा, मुद्दाम नवं डिप्लॉय करा आणि फोटो उघडून पाहा. मग तोच फोटो बकेटमधून पुसा आणि बॅकअपमधून परत आणून दाखवा. या दोन्ही गोष्टी जमल्या तर अ‍ॅप खुशाल वाटा. दुसरी जमली नाही, तर हंगाम सुरू झाला असला तरी थांबा.