रक्तातून कर्करोगाचा शोध

पेशी मृत झाल्या म्हणजे त्यांच्यातील डीएनएचे बारीक तुकडे रक्तद्रवात उतरतात. अशी न्यूक्लीय आम्ले रक्तद्रवात असतात, हे मांदेल व मेते यांनी १९४८ साली दाखविले. कर्कपेशींच्या डीएनएवर मेथिल गटांची मांडणी निराळी असते. तीवरून रोगाचे अस्तित्व ताडता येते. याच तत्त्वावर अनेक कर्करोगांची एकत्र चाचणी बेंगळुरूच्या स्ट्रँड लाइफ सायन्सेस कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये उपलब्ध केली.

मात्र अर्बुद लहान असता हे तुकडे अत्यल्प असतात. म्हणून चाचणीत काही न आढळले तरी रोग नाहीच, असे ठरत नाही. उलटही घडते. समजा, १०,००० माणसांत १०० रोगी आहेत. चाचणीने त्यांतील ५० ओळखले आणि दोनशे निरोग्यांत एकालाच चुकून रोगी ठरविले, तरी सुमारे ५० निरोगी माणसांच्या वाट्यास भय व पुढील तपासण्या येतील.

खरी कसोटी मृत्यू घटण्याची होय. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांत केलेल्या प्रयोगात, केवळ व्हिनेगर लावून केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. रक्तचाचणीचे मोलही याच मापाने ठरावयास हवे.