बालकर्करोग : बरे झाल्यानंतरचा हिशेब

अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९६२ साली सेंट ज्यूड हे बालरुग्णालय सुरू झाले, तेव्हा रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम चार वाचत असत. औषधांनी रक्तातील रोग काही काळ ओसरे. परंतु मेंदूभोवतीच्या आवरणांत ती औषधे पुरेशी पोचत नसल्यामुळे तेथे दडलेल्या रोगपेशी पुन्हा डोके वर काढीत. डॉ. डोनाल्ड पिंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दडणीच्या जागेवरच किरणांचा मारा करण्याचे ठरविले. डोक्याला २४ ग्रे इतकी किरणमात्रा आणि मेरुद्रवात औषधाची सुई, अशी योजना १९६७-६८ मध्ये राबविण्यात आली. तिच्यातील सुमारे निम्मी मुले दीर्घकाळ रोगमुक्त राहिली. असाध्य मानलेला रोग साध्याच्या कक्षेत आला.

ही कथा येथेच संपती, तर ती केवळ विजयाची कथा ठरली असती. पण ती मुले मोठी होऊ लागली. त्यांच्यापैकी काहींना शाळेतील अभ्यास जड जाऊ लागला. काहींची उंची वाढेना. काहींच्या मेंदूत पुढे नवीच गाठ उद्भवली. किरण रोगपेशींवर आघात करतात, तसाच तो त्यांच्या वाटेतील निरोगी पेशींवरही करतात. प्रौढाचा मेंदू आणि हाडे घडून चुकलेली असतात. मुलाची घडत असतात. म्हणून मूल जितके लहान, तितकी हानी अधिक. ज्या उपचाराने प्राण दिले, त्यानेच त्या जीवनावर आयुष्यभराचा कर बसविला, असे म्हणावे लागेल.

यानंतरचे या क्षेत्रातील संशोधन हे मुख्यतः वजाबाकीचे संशोधन आहे. किरण कोठे कमी करता येतील, कोठे मुळीच टाळता येतील, हा त्याचा प्रश्न. मूत्रपिंडाच्या विल्म्स गाठीसंबंधी अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाने दाखवून दिले की, गाठ संपूर्ण काढली गेली असेल व औषधे चालू असतील, तर दोन वर्षांखालील मुलांना शस्त्रक्रियेनंतर किरण देण्याची गरज नाही. पुढच्या अभ्यासात याच अवस्थेतील मोठ्या मुलांनाही ही सूट मिळाली. रक्ताच्या कर्करोगात डोक्याची मात्रा २४ वरून १८ ग्रेवर आली. सेंट ज्यूडमधील २००० ते २००७ या काळातील अभ्यासात तर ४९८ मुलांपैकी एकालाही प्रतिबंधक उपाय म्हणून डोक्याला किरण दिले गेले नाहीत. औषधयोजना मात्र अधिक काटेकोर केली गेली. पाच वर्षांनंतर जिवंत राहण्याचे प्रमाण सुमारे ९३ टक्के निघाले.

जेथे किरण टाळता येत नाहीत, तेथे नेम सुधारणे हा दुसरा मार्ग. त्याचा भक्कम पुरावा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दिला आहे. मेंदूतील सौम्य व मंद वाढणाऱ्या गाठी असलेल्या, ३ ते २५ वर्षे वयाच्या २०० रुग्णांची तेथे २००१ ते २०१२ या काळात यदृच्छेने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने, तर दुसऱ्याला गाठीच्या आकाराबरहुकूम आखलेले किरण दिले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. परंतु संप्रेरकांचे नवे विकार पाच वर्षांत जुन्या पद्धतीत ५१ टक्के, तर नेमक्या पद्धतीत ३१ टक्के आढळले. बुद्ध्यंकही दुसऱ्या गटात अधिक टिकून राहिला.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा प्रश्न उभा राहतो. नव्या औषधाच्या चाचणीमागे ते विकणारा उभा असतो. ‘इतके देण्याची गरज नाही’ हे सिद्ध करण्यात कोणाचा नफा असतो? न दिलेल्या किरणांचे पेटंट घेता येत नाही. म्हणूनच असे संशोधन प्रायः सरकारी पैशावर, देणग्यांवर आणि सार्वजनिक रुग्णालयांच्या चिकाटीवर चालते. बाजारावर सोडून दिल्यास ते होणारच नाही. त्याचा लाभ मात्र पुढच्या प्रत्येक मुलाला मिळतो.

शिवाय या हिशेबाची वही पाच वर्षांनी मिटता येत नाही. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या एका विस्तृत पाहणीत, बालपणी कर्करोगातून वाचलेल्या १०,३९७ प्रौढांपैकी सुमारे ६२ टक्के व्यक्तींना किमान एक दीर्घकालीन विकार असल्याचे २००६ मध्ये नमूद झाले. आपल्याकडे टाटा रुग्णालयात १९९१ पासून उपचारोत्तर तपासणीचा स्वतंत्र विभाग आहे. पण दूरच्या खेड्यातून आलेले कुटुंब, उपचार संपून मूल हसू-खेळू लागल्यावर, गाडीभाडे व बुडणारी मजुरी सोसून वर्षानुवर्षे मुंबई गाठील, अशी अपेक्षा कितपत रास्त आहे?

जेथे अनेक मुलांना मूळ उपचारच वेळेवर मिळत नाहीत, तेथे ही चर्चा चैनीची नाही काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो वरवर सयुक्तिक आहे. परंतु पाठपुराव्याला लागणारा खर्च उपचाराच्या मानाने अल्प आहे: कोणत्या भागास किती मात्रा दिली याची नोंद असलेला कागद पालकांच्या हाती देणे, जिल्हा रुग्णालयात वर्षातून एकदा तपासणी, आणि त्यासाठी प्रवासखर्च. उंची खुंटत असल्याचे वेळीच ध्यानात आले, तर उपाय असतो. वर्गात मागे पडणारा विद्यार्थी आळशी नसून उपचाराची किंमत मोजत आहे, हे शिक्षकाला ठाऊक असेल, तर परीक्षेत थोडा अधिक वेळ देणे अवघड नाही.

मात्र यातून किरणांविषयी भीती पसरणे घातक ठरेल. मेंदूच्या काही घातक गाठींत आजही किरणांवाचून बरे होणे दुरापास्त आहे. मात्रा कमी झाली ती पुराव्याने, भयाने नव्हे; पालकांनी मध्येच उपचार सोडणे म्हणजे मृत्यूला वाट करून देणे होय. समाजाचे कर्तव्य वेगळे आहे. मूल वाचविण्यासाठी आपण जे त्याच्याकडून घेतले, त्याची नोंद ठेवणे आणि शक्य तेवढे परत करणे, हे ते कर्तव्य आहे.