आपली माती आणि समुद्रतळाची बखर



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आम्हाला नववीत भूगोल शिकविला. एका पावसाळ्यात ते आमचा वर्ग पैनगंगेच्या काठी घेऊन गेले आणि गढूळ पुराकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "ही माती जाते कोठे, आणि गेल्यावर तिचे होते काय?" पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर नकाशावर मिळते. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. प्राणहिता कालेश्वरम् येथे गोदावरीला मिळते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागरात उतरते. उरलेल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणालाच देता आले नाही. ते आज देण्याचा माझा प्रयत्न आहे.

समुद्रतळ तसा आपल्याला परका नाही. आदिलाबादच्या परिसरात जो चुनखडक आढळतो, तो एके काळी खोल समुद्राच्या तळाशी साचलेला गाळच होय. मात्र तो पन्नास कोटी वर्षांहूनही जुना आहे. कवचधारी जीव तेव्हा निपजलेच नव्हते. हवामानाची जी नोंद आपल्याला वाचावयाची आहे, ती प्रामुख्याने अशा कवचांतच असते.

समुद्रात फोरॅमिनिफेरा नावाचे वाळूच्या कणाएवढे जीव असतात. ते मेले की त्यांची चुन्याची कवचे तळाशी बसतात. खुल्या महासागरात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ साचतो. जहाजावरून पोकळ नळी खाली खुपसली की गाळाचा लांब कांडा हाती येतो. त्याचा वरचा भाग अलीकडचा, खालचा जुना. कवचातील ऑक्सिजन दोन वजनांचा असतो. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन अधिक प्रमाणात उडून जातो. हिमयुगात तो ध्रुवप्रदेशांच्या बर्फात अडकून राहतो आणि समुद्रात जड ऑक्सिजनाचे प्रमाण वाढते. कवचांत त्या प्रमाणाची खूण राहते. १९५५ साली चेझारे एमिलियानी यांनी या नोंदींतून हिमयुगांची आवर्तने दाखविली. १९७६ साली हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी ती सुमारे एक लाख, एक्केचाळीस हजार आणि एकोणीस ते तेवीस हजार वर्षांच्या तालांत बसतात, हे सिद्ध केले. पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात होणाऱ्या संथ बदलांचे हे ताल असल्याचे मिलुटिन मिलांकोविच यांनी गणिताने आधीच मांडले होते.

यांपैकी शेवटच्या तालाचा आपल्या पावसाशी निकटचा संबंध आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात आजच्याहून अधिक ऊन मिळे. जमीन अधिक तापे आणि मोसमी वारे जोरकस येत. पुढे ते ऊन हळूहळू कमी होत गेले. त्याचा परिणाम दख्खनवर काय झाला?

२००६ साली 'जॉइडीस रेझोल्यूशन' हे जहाज भारताच्या वायुहायड्रेट शोधमोहिमेसाठी गोदावरीच्या मुखासमोर आले. तेथे एक किलोमीटरहून अधिक खोल पाण्याखालून निघालेल्या एका कांड्यात गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांचा गाळ मिळाला. त्यात झाडांच्या पानांवरील मेणाचे रेणू टिकून होते. साग ज्या रीतीने हवेतील कार्बन घेतो, त्याहून ज्वारीची आणि कोरड्या माळावरच्या बहुतेक गवतांची रीत निराळी असते. ती खूण त्या मेणात राहते. कॅमिलो पाँटन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या आणि सतराशे वर्षांपूर्वीपासून त्यांचेच प्राबल्य टिकून राहिले.

माझ्या दृष्टीने खरा धक्का पुढचा आहे. लिविऊ जिओसान आणि सहकाऱ्यांनी त्याच कांड्यावरून २०१७ साली दाखविले, की पाऊस ओसरू लागल्यावर खोऱ्यातून वाहून येणारी माती घटली नाही, उलट ती वाढली. दख्खनच्या काळ्या दगडाची माती कोणती आणि पूर्वेकडच्या जुन्या खडकांची कोणती, हे निओडिमियम या मूलद्रव्यावरून ओळखता येते. कारण पाहू गेल्यास सोपे आहे. पाऊस कमी झाला, तरी तो चार महिन्यांतच आणि सरींनीच कोसळतो. झाडोरा विरळ झाला, की त्या सरी उघड्या मातीवर पडतात. पुढे शेती पसरली, लोखंडी अवजारे आली आणि ही धूप आणखी वाढली.

माझ्या वडिलांच्या शेतात उताराकडच्या पट्टीत मुरूम उघडा पडला होता. "पाऊस फार झाला, माती गेली," असे ते म्हणत, आणि मीही अनेक वर्षे तेच खरे मानले. गाळाची साक्ष निराळी आहे. पाऊस निमित्त होता. माती गेली ती जमीन उघडी होती म्हणून. त्या पट्टीचा बांध आम्ही वेळीच बांधला नाही आणि त्यावरचे गवतही राखले नाही. ती पट्टी आता पिकत नाही.

आज गोदावरीचा पुष्कळसा गाळ समुद्रापर्यंत पोहोचण्याआधीच धरणांत अडतो. त्यामुळे समुद्रतळाच्या बखरीत आपल्या काळाचे पान पातळ दिसेल. पण वाचणाऱ्याने त्यावरून माती वाचली असा अर्थ काढू नये. शेतातून गेलेली माती धरणात अडली काय अन् समुद्रात बुडाली काय, शेतकऱ्याला ती सारखीच गेलेली असते.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. माती समुद्राच्या तळाशी जाते आणि आपण जमीन कशी सांभाळली, याची नोंद तेथे होऊन राहते. हे उत्तर त्यांना प्रत्यक्ष सांगता आले असते, तर त्यांनी वर्ग पुन्हा एकदा पैनगंगेच्या काठी नेला असता. तो नेण्याचे काम आता येथे बसलेल्या शिक्षकांचे आणि आपणा सर्वांचे आहे.