देवळाचे दार

मंडळी, पोळा तुमच्या-आमच्या ओळखीचा सण. श्रावण अमावास्येला तो येतो. आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो. पोळ्याला बैल धुतो, शिंगे रंगवतो, झूल घालतो. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात. झडत्या होतात. तोरण तुटले की बैल मारुतीच्या देवळापुढे नेतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरे लाकडाचे बैल घेऊन घरोघर फिरतात. आपल्या जिल्ह्यात सिंदीचा तान्हा पोळा मोठा नावाजलेला आहे.

आता सांगा, हा सण किती हातांनी होतो? जू सुतार घडवतो. घुंगरांचा पट्टा चांभार शिवतो. डफडे वाजवणारा वाजवतो. शेतात मजूर बाया निंदण करतात. एवढ्या हातांनी सण उभा राहतो. पण पूर्वी यांतल्या कित्येकांना देवळाची पायरी चढू देत नसत. डफडे हवे, पण वाजवणारा दूर! हा कुठला न्याय?

ही चाल मोडण्याचे एक मोठे काम आपल्या वर्ध्यातच झाले. वर्ध्याला लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे. ते शेठ बच्छराज बजाज यांनी बांधले. त्यांचे नातू जमनालाल बजाज. जमनालालजींनी ठरवले, देवाचे दार सर्वांना उघडायचे. जातभाईंचा विरोध झाला. ते डगमगले नाहीत. १९२८ सालच्या जुलै महिन्यात त्यांनी हे मंदिर अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले केले. घरच्या मंदिरापासून सुरुवात केली, हे ध्यानात घ्या.

सगळीकडे मात्र दार असे उघडले नाही. नाशिकला काळाराम मंदिरासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू केला. तो कित्येक वर्षे चालला, तरी दार बंदच राहिले. पंढरपूरच्या विठोबाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले.

पुढे देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० पासून आपली घटना लागू झाली. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. १९५५ साली त्यासाठी वेगळा कायदा झाला. अस्पृश्यतेपायी कोणाला देवळात, विहिरीवर किंवा हॉटेलात अडवणे हा गुन्हा आहे. त्याला १ ते ६ महिने कैद आणि वर दंडही होतो. अडवणारा पुजारी असो की पाटील, कायदा सर्वांना एकच.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आमच्या गावातले कित्येक लोक आता बौद्ध झाले. ते देवळात येतच नाहीत." खरे आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या मागे लाखो लोक गेले. ज्याला यायचे नाही, त्याची ती मर्जी. पण येणे न येणे हे त्याने ठरवावे. दार अडवून दुसऱ्याने ठरवू नये.

कायद्याने कुलूप निघते. मनातली कडी आपणच काढावी लागते. येत्या पोळ्याला जरा नीट पाहा. तोरणाखाली कोणाची जोडी मागे ठेवली आहे? प्रसाद कोणाच्या हातावर वरून टाकतात? असे दिसले तर गप्प बसू नका. चारचौघांत बोला. गाव आपले आहे. दारही आपणच उघडायचे.