मानेवरचा काळेपणा घासून जात नाही

डिसेंबरच्या धुक्यात काशीतल्या दुर्गाघाटाजवळच्या एका मराठी घरी गेले होते. तिथल्या काकूंचं वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू होऊन चार महिने झाले होते. न्हाणीघराच्या कोनाड्यात बेसनाचा डबा, मुलतानी माती, पिळून अर्धं झालेलं लिंबू, सरसोंच्या तेलाची बाटली आणि काळी वज्री मांडलेली होती. काकूंची मान मागून लालबुंद झालेली. "घासून घासून हात दुखले गं, पण मळ काही सुटत नाही," त्या म्हणाल्या.

तो मळ नव्हताच. मान, काखा आणि जांघेत येणारा हा जाडसर, मखमली काळेपणा बहुतेक वेळा रक्तातल्या वाढलेल्या इन्सुलिनची खूण असतो. इन्सुलिनच्या चिथावणीने त्वचेच्या पेशी भराभर वाढतात, कातडी जाड होते आणि काळी दिसते. वजन उतरून इन्सुलिन खाली आलं की हा रंग काही महिन्यांत हळूहळू फिकट होऊ लागतो. म्हणजे काकूंच्या मानेवर खरं काम त्यांचं औषधच करत होतं आणि वज्री ते बिघडवत होती. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला ओरखडा, भाजणं, लिंबाची आग असं काहीही सोसावं लागलं की ती त्या जागी आणखी रंग साठवते. मात्र कुठलंही औषध न घेता वजन घटत असेल आणि असा काळेपणा झपाट्याने पसरत असेल, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायलाच हवी.

2025 च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजनाची इंजेक्शनं भारतात आली. तेव्हापासून "हे इंजेक्शन चेहरा खातं" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. इंजेक्शन चेहरा खात नाही. मौंजारोमधल्या टिर्झेपेटाइडच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सर्वांत जास्त मात्रा घेणाऱ्यांचं वजन 72 आठवड्यांत सरासरी सुमारे 21 टक्क्यांनी उतरलं. ऐंशी किलोच्या माणसाचे जवळपास सतरा किलो गेले, तर गालांखालची चरबीही जाणारच. जेवून-खाऊन, चालून इतकंच वजन उतरवलं असतं तरी गाल असेच बसले असते. ही पोकळी कुठल्याही क्रीमने भरत नाही, आणि चेहरा ताणून धरणारे लेप वाळताना त्वचा फक्त कोरडी करतात. डाळ, अंडी, पनीर यांतून पुरेशी प्रथिनं, स्नायूंना व्यायाम आणि मात्रा वाढवण्याची घाई न करणं, एवढंच खरं हाती असतं.

केसांचंही तसंच. वजनासाठीच्या चाचण्यांत टिर्झेपेटाइड घेणाऱ्या सुमारे पाच टक्के लोकांनी केस गळत असल्याचं सांगितलं, तर नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत ते प्रमाण सुमारे एक टक्का होतं. वजन भराभर उतरलं की शरीर पुष्कळसे केस एकदम विश्रांतीला पाठवतं, आणि दोन-तीन महिन्यांनी ते फणीत दिसतात. मुळं जिवंत असतात, त्यामुळे बहुतेकींचे केस काही महिन्यांत परत येतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. पण बायोटिनच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. त्यांच्यामुळे थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती 'हार्मोन थेरपी' या एका नावाची. इथल्या बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात टाटा मेमोरियलचं महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र 2019 मध्ये सुरू झालं. अशा रुग्णालयात स्तनांच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल दिलं जातं, त्यालाही हार्मोन थेरपीच म्हणतात. ही औषधं इस्ट्रोजेनची वाट अडवतात किंवा ते बनूच देत नाहीत. आणि रजोनिवृत्तीनंतर अंगाची आग आणि घाम थांबावा म्हणून दिली जाणारी हार्मोन थेरपी नेमकी उलटी, ती इस्ट्रोजेन पुरवते. नाव एक, दिशा विरुद्ध. तक्रारी मात्र पुष्कळदा सारख्याच. त्वचा कोरडी, खाज आणि जिच्याबद्दल बायका कुजबुजतही नाहीत ती योनीमार्गाची जळजळ. मग शेजारीण मायेने आपली ट्यूब पुढे करते. त्या ट्यूबमध्ये इस्ट्रोजेन असू शकतं. कर्करोगाच्या गोळ्या चालू असलेल्या बाईने ती आपल्या कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय लावू नये. हार्मोन नसलेली मॉइश्चरायझर आणि वंगण देणारी जेल मिळतात, सुरुवात त्यांनी करायची. हे विचारायला लाजू नका. डॉक्टर हे रोज ऐकतात.

इस्ट्रोजेनची जेल घेणाऱ्यांचा आणखी एक समज असतो, की क्रीमसारखीच तर आहे, थोडी चेहऱ्यावरही लावावी. नाही. ती औषधाची मोजलेली मात्रा आहे. सांगितलेल्या जागी, स्वच्छ कोरड्या त्वचेवर लावायची, वाळू द्यायची, हात धुवायचे. निदान तासभर तिथे पाणी किंवा दुसरं क्रीम नको आणि नातवंडाला त्या दंडावर घेऊन बसायचं नाही. हार्मोनमुळे गालांवर वांग गडद होऊ शकतं. ते लेपाने जात नाही. ऊन आणि उजेड टाळणं हाच पहिला उपाय. "आम्ही सावळ्या, आम्हाला सनस्क्रीन कशाला?" असं म्हणू नका. वांगाला रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन जास्त उपयोगी पडतं, कारण ते दृश्य प्रकाशही अडवतं. घाटावर तर पाण्यावरूनही ऊन येतं. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषांना सुरुवातीला मुरुमं येऊ शकतात, तीही घासून जात नाहीत. त्यांच्यावर उपचार आहेत.

मुरुमांची काही औषधं गर्भाला घातक असतात, म्हणून सोबत गर्भनिरोधक लागतं. पण टिर्झेपेटाइड सुरू केल्यावर आणि दर मात्रावाढीनंतर चार आठवडे गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईलच असं नाही. त्या काळात दुसरं साधन हवं. मुरुमांचे आणि वजनाचे डॉक्टर हे एकमेकांना सांगतीलच असं नाही, तुम्हालाच सांगावं लागतं.

गोरं करणाऱ्या बिननावाच्या डब्यांपासून दूर राहा. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली, आणि मुंबईच्या केईएममध्ये शोध घेतल्यावर त्या लावत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. स्टेरॉइडची ट्यूब चार दिवस उजळपणा दाखवते आणि आधीच पातळ, कोरड्या झालेल्या त्वचेला आणखी पातळ करते.

मग करायचं काय? बरंचसं बंद करायचं. काशीच्या थंडीत कढत पाणी सुखाचं वाटतं, पण अंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात. साबण काखा, जांघा, पावलांपुरता. अंग ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीन. सरसोंचं तेल इथे आईच्या मायेचं असलं तरी ते त्वचेचं संरक्षक आवरण दुखावतं असं प्रयोगांत दिसलं आहे, चुरचुरणाऱ्या त्वचेला ते नको. इंजेक्शनची जागा दर आठवड्याला बदला आणि तिथे चोळू नका.

काकूंची वज्री आता फक्त टाचांसाठी आहे. तुम्ही त्वचारोगतज्ज्ञाकडे जाल तेव्हा चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, आणि न्हाणीघरातल्या डब्या-ट्यूबांचा मोबाईलवर एक फोटोही काढून न्या.