शिकणारी मुले, अर्धवेळ काम आणि जुना माल
भंडारा जिल्ह्यातील दुकानदार व कारागीर बांधवांसाठी

बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. मुलगा पास झाला आहे, पुढे शिकण्याची इच्छाही आहे. पण प्रवेशाची फी, पुस्तके, येण्याजाण्याचा खर्च आणि एखादा फोन वा संगणक यांची बेरीज केली की घरातील वडीलधारे गप्प होतात. मग कोणीतरी सुचवते, "शिकून तरी काय करणार? दुकानावर बसवा, नाहीतर गॅरेजला लावून द्या." मुलगा दुकानावर बसतो आणि कॉलेज सुटते. दुसरीकडे काही मुले कॉलेजात जातात, पण घरच्या धंद्याला हात लावत नाहीत. तीन वर्षांनी पदवी हातात येते, मात्र कसब हातून गेलेले असते.

या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे, असे आम्हास वाटते. ती म्हणजे अर्धवेळ काम आणि जुन्या मालाची खरेदी. कमाईची बाजू एकाने सांभाळावी, खर्चाची दुसऱ्याने. विशेष म्हणजे या दोन्ही गोष्टी देणारे लोक आपणच आहोत. कापडाचे दुकान, शिलाईचे दुकान, सायकल व मोटारसायकलची दुरुस्ती, मोबाइलची टपरी, भंगार, फर्निचर, वेल्डिंग, रद्दी अशा कितीतरी धंद्यांत आपले बांधव आहेत. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांपेक्षा दुकानदारांसाठी अधिक आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

न्या. राजेंद्र सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये दिलेल्या अहवालात देशातील नामांकित महाविद्यालयांचा हिशेब मांडला होता. तेथे पदवीच्या वर्गात २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम, तर पदव्युत्तर वर्गात ५० मागे एक, असे प्रमाण आढळले. मुस्लिम समाजात नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण अधिक असल्याचेही त्याच अहवालात नोंदवले आहे. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. आपल्याजवळ नोकऱ्या कमी आहेत, पण दुकाने आहेत. ही दुकाने मुलाचे शिक्षण सोडवण्याचे कारण होऊ शकतात, तशीच ते टिकवण्याचे साधनही होऊ शकतात.

घोंगडे, पेला आणि कुऱ्हाड

सुनन अबू दाऊद या हदीसग्रंथात एक प्रसंग आला आहे. एक गरजू अन्सारी इसम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागण्यास आला. घरात काय आहे, अशी विचारणा झाली तेव्हा त्याने सांगितले की एक जाडेभरडे कापड आहे, त्याचा काही भाग आम्ही पांघरतो व काही अंथरतो. आणि पाणी पिण्याचा एक पेला आहे. प्रेषितांनी (स.) त्या दोन्ही वस्तू मागवल्या आणि उपस्थितांत त्यांची बोली लावली. एकाने एक दिरहम देऊ केला, दुसऱ्याने दोन. दोन दिरहमांना वस्तू गेल्या. एका दिरहमाचे घरच्यांसाठी अन्न घ्यावे व दुसऱ्याची कुऱ्हाड आणावी, असे त्या इसमास सांगण्यात आले. कुऱ्हाडीला दांडा प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने बसवला. पंधरा दिवस लाकडे तोडून विकल्यावर तो माणूस दहा दिरहम कमावून परत आला.

व्यापारी बांधवांनी या प्रसंगाकडे धंद्याच्या दृष्टीने पाहावे. जुन्या वस्तू उघड बोलीने, योग्य भावात विकल्या गेल्या. आलेल्या पैशातून अवजार आले, अवजारातून रोजी आली. मदत मागणाऱ्याच्या हातात भीक न पडता काम पडले. जुना माल आणि कष्टाचे काम या दोहोंत कमीपणा मानणाऱ्यांना याहून मोठे उत्तर कोणते हवे?

भंडाऱ्याला जुना माल नवा नाही

आपला जिल्हा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. या धंद्यात जुने भांडे कधीच टाकाऊ नसते. फुटकी घागर, चेपलेले गुंड वा तडा गेलेली परात मोडीत वजनाने घेतली जाते, मुशीत वितळते आणि तिचे पुन्हा नवे भांडे होते. गिऱ्हाईक मोड देते व वरचा फरक आणि घडणावळ भरून नवे भांडे घरी नेते. कल्हईवाल्याचे कामही याच जातीचे. भट्टी पेटवून, नवसागर टाकून, कथलाचा हात फिरवला की काळवंडलेले भांडे पुन्हा स्वयंपाकाच्या लायक होते. स्टील आणि प्लॅस्टिक आले, तसा हा धंदा आकसला. पण जुन्या वस्तूतील धातू ओळखण्याची, तिची खरी किंमत करण्याची आणि ती पुन्हा उभी करण्याची नजर अजून आपल्या कारागिरांत आहे. ती नजर आता सायकल, शिलाई मशीन, फोन आणि संगणकाकडे वळवली पाहिजे.

अर्धवेळ काम : कोणते व केव्हा?

शिक्षण घेताना काम करणे ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा व शिका' ही वाट हजारो गरीब मुलांना मोकळी करून दिली. आपल्या दुकानांतही ती चालू शकते. मात्र कामाचा हंगाम ओळखला पाहिजे.

जून महिन्यात वह्या-पुस्तके, गणवेश, दप्तर व छत्र्यांच्या दुकानांत गर्दी असते. रमजानच्या दुसऱ्या पंधरवड्यात शिलाईच्या दुकानांत काज-बटण, तुरपाई, इस्त्री आणि मापे लिहिण्याला माणूस पुरत नाही. दिवाळीच्या सुमारास व पुढे लग्नसराईत कापड, चप्पल, भांडी व मंडप यांचे काम वाढते. याच काळात धान कापणी-मळणी होऊन बाजारात येते. तुमसरसारख्या धानाच्या पेठेत वजन, पोती व पावत्या यांची नोंद ठेवणारा माणूस लागतो. मे महिन्यात कॉलेजला सुटी असते, तेव्हा तेंदूपत्त्याच्या हंगामात पुडे मोजून लिहिणाऱ्यांची गरज पडते.

वर्षभर चालणारी कामेही आहेत. अनेक दुकानांत मालक स्वतः विकतो, स्वतःच हिशेब लिहितो आणि रात्री उधारीची वही उघडतो तेव्हा डोळे मिटत असतात. वाणिज्य शाखेच्या मुलाला रोज दोन तास दिले तर रोजकीर्द, उधारी, मालाचा साठा आणि जीएसटीची बिले व्यवस्थित राहतील. फोनवर आलेल्या ऑर्डरी उतरवून घेणे, मालाचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवणे ही कामे तर मुले आपल्यापेक्षा लवकर करतात.

मुलींचाही विचार व्हावा. लहान मुलांच्या शिकवण्या, शिलाई, भरतकाम, मेंदी, घरबसल्या हिशेब लिहिणे ही कामे आहेतच. स्त्रियांच्या कपड्यांच्या दुकानात मोजमाप व विक्रीला मुलगी असेल तर येणाऱ्या भगिनींनाही संकोच वाटत नाही. मात्र दिवस मावळण्यापूर्वी ती घरी पोहोचेल, अशी वेळ ठरवणे मालकाचे कर्तव्य आहे.

मालकाने पाळावयाच्या गोष्टी

येथे आम्हास स्पष्ट बोलणे भाग आहे. विद्यार्थी कामावर ठेवायचा आणि "शिकतोच आहे, चहा-नाश्ता मिळतो, ईदला कपडे देऊ" असे म्हणून महिनोन्महिने राबवायचे, ही रीत आपल्याकडे आहे. तिला मदत म्हणता येत नाही. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकतो. ती गल्ल्यावर बसल्यावरही आठवली पाहिजे.

पहिली गोष्ट, मजुरी कामाआधी ठरवावी व शक्य तर लिहून द्यावी. पूर्ण दिवसाच्या कायदेशीर किमान वेतनाचे तास पाडावेत आणि मुलगा जितके तास बसतो तितक्यांचे पैसे द्यावेत.

दुसरी, वेळ कॉलेजच्या तासिकांनुसार ठरवावी. पवनी, लाखांदूर, साकोलीकडून एसटीने येणाऱ्या मुलाला शेवटची गाडी चुकवून थांबवू नये. परीक्षेच्या महिन्यात सुटी द्यावी आणि त्याची जागा राखून ठेवावी.

तिसरी, वयाची. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामावर लावता येत नाही. अकरावी-बारावीची मुले बहुधा १८ च्या आतली असतात. त्यांना मुशीजवळ, वेल्डिंगवर वा कटरवर उभे करू नये.

चौथी, मुलाला धंदा शिकवावा. केवळ झाडू मारणे आणि चहा आणणे यातून तो काही शिकणार नाही. माल कोठून येतो, भाव कसा पडतो, नफा कशात आहे हे त्याला कळले, तर तीन वर्षांनी पदवीबरोबर एक व्यवसायही त्याच्या हाती असेल.

जुना माल घेताना

पुस्तके : नव्या शैक्षणिक धोरणामुळे (२०२०) विद्यापीठांचे अभ्यासक्रम बदलले आहेत. म्हणून जुने पुस्तक घेण्यापूर्वी चालू अभ्यासक्रमाशी ताडून पाहावे. वरच्या वर्गातील मुलांकडून थेट घेतलेली पुस्तके सर्वांत स्वस्त पडतात. न मिळाल्यास सुमारे ६० किलोमीटरवरील नागपूरला चारपाच मित्रांनी मिळून एकच फेरी करावी. व्याकरण, शब्दकोश, गणित यांची जुनी पुस्तके सहसा जुनी होत नाहीत.

सायकल व मोटारसायकल : सायकलीची फ्रेम जोडकामाच्या जागी तपासावी, चाक फिरवून रिम डगमगते का पाहावे. मोटारसायकल घेताना इंजिन व चेसिस क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळवावा. विमा व पीयूसी पाहावे. नमुना २९ व ३० भरून गाडी नावावर करून घ्यावी. विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे, असा मोटार वाहन कायद्याचा नियम आहे. नाव न बदलता गाडी वापरली आणि अपघात झाला, तर दोघेही अडचणीत येतात.

मोबाइल : स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की फोनचा आयएमईआय क्रमांक दिसतो. केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'संचार साथी' सेवेवर तो क्रमांक टाकला, की फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, हे समजते. ही तपासणी फुकट आहे. ती केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शिलाई मशीन : दोन प्रकारच्या कापडांवर टीप घालून पाहावी. टाके सुटत असतील तर शटल, बॉबिन वा सुईची जागा बिघडलेली असते. दुरुस्तीचा खर्च किंमतीतून वजा करावा.

विकणाऱ्याची अमानत

जुन्या मालाचा व्यवहार विश्वासावर चालतो, आणि फसवणुकीला सर्वांत अधिक वाव याच व्यवहारात असतो. बाजारातील धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषितांनी (स.) आतला ओलावा शोधला आणि फसवणाऱ्याला आपल्यातला मानले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. बॅटरी उतरलेला संगणक, रंग मारून झाकलेली तुटकी फ्रेम, मागे फिरवलेले मीटर ही आजची ओली धान्ये आहेत. दोष असेल तर चिठ्ठीवर लिहून वस्तूला बांधावा आणि त्याप्रमाणे किंमत लावावी. वस्तू तपासून परत करण्यासाठी तीनचार दिवसांची मुदत दिली, तर गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येते.

भंगार व जुना माल घेणाऱ्या बांधवांनी खरेदीची वही अवश्य ठेवावी. विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्र, तारीख, वस्तूचा क्रमांक व सही त्यात असावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. वही नीट असेल तर निर्दोष व्यापाऱ्याला आपली बाजू मांडता येते. नसेल तर बोलण्याला आधार राहत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी हेही लक्षात ठेवावे की जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला, खरेदीवर कराची वजावट घेतलेली नसेल तर, खरेदी-विक्रीतील फरकावरच कर भरण्याची सोय नियमांत आहे. आपल्या कर सल्लागाराला याविषयी विचारावे.

हप्त्याचा हिशेब

समजा, एका विद्यार्थ्याला अर्धवेळ कामाचे महिन्याला ५,००० रुपये मिळतात. त्याने २४,००० रुपयांचा नवा फोन २,२५० रुपयांच्या १२ हप्त्यांवर घेतला. वर्षाअखेर त्याने २७,००० रुपये भरले. वर्षभर त्याची जवळजवळ निम्मी कमाई हप्त्यात गेली आणि ३,००० रुपये व्याजाचे गेले ते वेगळेच. त्याऐवजी १०,००० रुपयांचा तपासून घेतलेला जुना फोन दोन महिन्यांच्या मजुरीत होतो. उरलेल्या दहा महिन्यांच्या कमाईत फी आणि पुस्तके निघतात. आपण व्याजाविरुद्ध बोलतो, पण मुलाला व्याजाशिवाय दुसरी वाट दाखवली नाही तर आपल्या बोलण्याला काय अर्थ? जुन्या मालाची प्रामाणिक पेठ ही ती वाट आहे. तेवढ्यानेही भागत नसेल तर दोनचार दुकानदारांनी मिळून कर्जे-हसना द्यावे व ते मजुरीतून सोयीने वळते करावे.

एवढे तरी करावे

भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथील व्यापारी बांधवांना आमचे सांगणे थोडक्यात असे. निकाल लागण्याच्या सुमारास मोहल्ल्यातील दोनतीन जाणत्या माणसांनी बसून दोन याद्या कराव्यात. एका यादीत कोणत्या दुकानात किती तासांचे काम आहे व मजुरी काय, हे असावे. दुसरीत कोणाच्या घरी जुनी पुस्तके, सायकल, टेबल, शिलाई मशीन पडून आहे, ते असावे. या याद्या मशिदीच्या फलकावर व कॉलेजच्या ग्रंथालयात लावाव्यात. याला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही आणि सरकारी मंजुरीही लागत नाही.

माळ्यावर धूळ खात पडलेली सायकल एखाद्या मुलाचे तीन वर्षांचे कॉलेज वाचवू शकते. दुकानातील संध्याकाळचे तीन तास त्याची फी भरू शकतात. कुऱ्हाडीला दांडा बसवून देण्याचे काम आता आपल्यावर आहे.