लोकनिर्मित नकाशा आणि काशीची स्थलनामे

१

नकाशा हा सामान्यतः भूगोलशास्त्राचा विषय मानला जातो. परंतु ज्यावर नावे लिहिली जातात असा कोणताही पट एका अर्थी संहिताच असतो. आणि संहिता म्हटली की तिचा कर्ता कोण, पाठ कोणता स्वीकारला, पाठभेद कोठे नोंदवले, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाहीत. गेल्या दोन दशकांत नकाशाचा एक नवा प्रकार रूढ झाला आहे. तो कोणत्याही सरकारी खात्याने किंवा व्यापारी संस्थेने तयार केलेला नसून जगभरच्या स्वयंसेवकांनी संगणकाच्या जाळ्यावर मिळून रचलेला आहे. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. अशा नकाशाची रचना कशी असते, वाराणसीसारख्या बहुनामी नगरीत त्याच्यापुढे कोणत्या अडचणी उभ्या राहतात आणि त्याच्या सुधारणेत भारतीय भाषांच्या अभ्यासकांना कोणते काम आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

ओपनस्ट्रीटमॅपचा आरंभ २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी केला. त्या देशातील भूमापनाची सामग्री सरकारी खात्याच्या स्वामित्वात होती आणि सामान्य माणसाला ती मुक्तपणे वापरता येत नव्हती. तेव्हा नागरिकांनी स्वतःच उपग्रहीय स्थाननिश्चितीचे यंत्र हाती घेऊन रस्ते मोजावेत आणि ती मोजणी सर्वांसाठी खुली ठेवावी, ही या उपक्रमामागील साधी कल्पना होती. २००६ मध्ये त्याच्या व्यवस्थेसाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. २०१२ पासून ही सामग्री एका मुक्त परवान्याखाली दिली जाते. उगमाचा उल्लेख करावा आणि सुधारलेली सामग्री त्याच अटींवर पुन्हा खुली करावी, एवढेच बंधन ती वापरणाऱ्यावर असते.

या नकाशाचे व्याकरण थोडक्यात सांगता येते. त्यात मूळ घटक तीनच आहेत: बिंदू, बिंदू जोडून होणारी रेषा आणि अनेक घटकांना एकत्र बांधणारा संबंध. विहीर किंवा लहान देऊळ हा बिंदू. गल्ली किंवा घाटाची कड ही रेषा. एखादा यात्रामार्ग हा अनेक रेषांचा संबंध. प्रत्येक घटकाला गुणवाचक नोंदी जोडल्या जातात. नावासाठी एकच खण नसून अनेक खण असतात: स्थानिक प्रचारातले मुख्य नाव, निरनिराळ्या भाषांतील नावे, पर्यायी नाव, जुने नाव. कोणतीही दुरुस्ती केली की ती करणाऱ्याची ओळख, वेळ आणि आधीचे रूप जपून ठेवले जाते. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर येथे स्वीकृत पाठाच्या मागे सर्व पूर्वपाठांची साखळी उभी असते.

याच्याशी तुलना करण्याजोगा दुसरा प्रयोग भारतालाही जवळचा आहे. २००८ मध्ये गूगल कंपनीने ‘मॅप मेकर’ नावाचे साधन लोकांपुढे ठेवले. भारतातील असंख्य हौशी माणसांनी त्यात आपापली गावे, रस्ते, दवाखाने नोंदवले. २०१७ मध्ये ते साधन बंद करण्यात आले. नोंदींचा उपयोग कंपनीच्या नकाशात होत राहिला, पण नोंदविणाऱ्यांचा समुदाय मात्र विखुरला. श्रम लोकांचे आणि संहिता दुसऱ्याची, असा हा भेद आहे. केवळ पुष्कळ लोकांनी लिहिले म्हणून नकाशा लोकांचा ठरत नाही; लिहिलेले पुढेही त्यांच्या हाती राहिले पाहिजे.

३

वाराणसीला नकाशे नवे नाहीत. टांकसाळीतील अधिकारी म्हणून या नगरीत आलेल्या आणि पुढे १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीच्या वाचनासाठी प्रसिद्ध झालेल्या जेम्स प्रिन्सेप यांनी १८२२ मध्ये शहराचे सर्वेक्षण करून नकाशा तयार केला. तो मोजणीचा नकाशा होता. १८७६ मध्ये कैलासनाथ सुकुल यांचा ‘काशीदर्पण’ हा नकाशा प्रसिद्ध झाला. त्याचे प्रयोजन निराळे होते. यात्रेकरूने कोणत्या क्रमाने कोणत्या देवतेचे दर्शन घ्यावे, हे त्याला दाखवायचे होते. अंतरापेक्षा क्रम आणि संनिधी त्याला महत्त्वाची वाटली. एकाच नगरीचे हे दोन पट, आणि दोन्ही आपापल्या परीने यथार्थ. लोकनिर्मित नकाशापुढचा पहिला प्रश्न येथेच उभा राहतो: तो कोणाच्या काशीचा आहे?

पंचक्रोशीचे उदाहरण घ्यावे. मणिकर्णिकेपासून निघून कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा असे पाच मुक्काम करीत यात्रेकरू पुन्हा मणिकर्णिकेवर येतो. मार्गावरील देवस्थाने १०८ मानली जातात. मोजणीच्या दृष्टीने हे ग्रामीण रस्त्याचे तुटक तुकडे आहेत. त्यांना ‘संबंध’ या घटकाने बांधले म्हणजेच ती यात्रा होते. या नकाशाच्या व्याकरणात ‘काशीदर्पणा’ची दृष्टी सामावून घेण्याची शक्यता आहे, असे यावरून म्हणता येते. मात्र ती शक्यता आपोआप प्रत्यक्षात येत नाही.

अडचणी तांत्रिकही आहेत. स्वयंसेवक बहुधा उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे पाहून घरबसल्या रेषा काढतात. मोठे रस्ते त्यातून नीट उमटतात. पक्क्या महालातील गल्ल्या मात्र इतक्या अरुंद आहेत की वरून पाहणाऱ्याला छपरे आणि सावल्या यांखेरीज काही दिसत नाही. यंत्र घेऊन चालणाऱ्याचीही फसगत होते. दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींवर आदळून संकेत परावर्तित होतात आणि चालणारा शेजारच्या गल्लीत असल्याचे दिसते. अशा ठिकाणी पायी चालून, कोपऱ्याकोपऱ्यावर विचारून, हाताने केलेली नोंद हाच विश्वसनीय मार्ग राहतो. आणि विचारायचे म्हटले की भाषा आलीच.

४

या नगरीच्या नावापासूनच बहुवचन सुरू होते. १९५६ मध्ये ‘वाराणसी’ हे अधिकृत नाव झाले. बोलण्यात ‘बनारस’ राहिले आणि श्रद्धेत ‘काशी’. २०२१ मध्ये मंडुवाडीह स्थानकाचे नाव ‘बनारस’ असे बदलल्यापासून या तिन्ही नावांची रेल्वे स्थानके एकाच शहरात आहेत. १८८७ चा डफरिन पूल आज मालवीय पूल म्हणून ओळखला जातो. अशा स्थळी ‘जुने नाव’ हा खण रिकामा ठेवणे म्हणजे इतिहासाचे एक पान फाडणे होय.

मराठी वाचकाच्या दृष्टीने घाटांचा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी १६ व्या शतकात येथे ‘त्रिस्थलीसेतु’ रचला. एकनाथांची भागवतावरील टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, याच नगरीत पूर्ण झाली. १८ व्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. नागपूरकर भोसल्यांनी घाट बांधला. १९ व्या शतकात ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी मणिकर्णिकेलगतच्या घाटाचे काम केले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

आता नोंद करणाऱ्यापुढे प्रश्न असा: मराठीच्या खणात काय लिहावे? हिंदीत ‘सिंधिया घाट’ म्हणतात. त्याचेच अक्षरांतर करून मराठी खण भरणे सोपे आहे, आणि यंत्राकडून तसे एकगठ्ठा करून घेणे त्याहून सोपे. परंतु मराठीत ते घराणे शिंद्यांचे आहे. ‘शिंदे घाट’ हे मराठी माणसाच्या तोंडचे रूप, ‘सिंधिया घाट’ हे स्थळावर प्रचलित असलेले रूप. पहिले मराठीच्या खणात आणि दुसरे मुख्य नावाच्या खणात, असे दोन्ही नोंदविता येतात. एकाने दुसऱ्याला पुसण्याचे कारण नाही. ‘भोंसले’ आणि ‘भोसले’ यांतील अनुस्वाराचा फरकही असाच आहे. अहिल्याबाई घाटाचे पूर्वीचे नाव केवलगिरी घाट होते. ते जुन्या नावाच्या खणात गेले पाहिजे. ज्या भाषेत खरोखरीच नाव प्रचारात नाही, तेथे केवळ अक्षरांतराने खण भरू नये, हा या उपक्रमाचा संकेत आहे. तो भाषेविषयीच्या विवेकाचाच संकेत आहे. भरलेला खण पाहून प्रगती झाल्याचा भास होतो. वस्तुतः रिकामा खण खोट्या नावापेक्षा अधिक प्रामाणिक असतो.

५

याहून गंभीर प्रश्न नाहीशा झालेल्या स्थळांचा आहे. विश्वनाथ मंदिरापासून गंगेपर्यंतचा विस्तीर्ण मार्ग १३ डिसेंबर २०२१ रोजी खुला झाला. त्यासाठी सुमारे तीनशे वास्तू विकत घेऊन पाडण्यात आल्या, काही जुनी देवळे घरांच्या पोटातून उघडी पडली आणि लाहौरी टोला ही वस्ती उरली नाही. या बदलाविषयी मते भिन्न आहेत. त्यांचा निर्णय करणे हे येथे प्रयोजन नाही. नकाशापुरते पाहायचे तर त्याचा नियम स्पष्ट आहे: भूमीवर जे आज आहे तेच दाखवावे. त्या नियमाने पाडलेल्या गल्लीची रेषा काढून टाकणे योग्यच ठरते. ती रेषा पूर्वपाठांच्या साखळीत राहते, पण पटावरून जाते आणि सामान्य वाचकाला पुन्हा दिसत नाही. यासाठी ‘ओपनहिस्टॉरिकलमॅप’ हा निराळा उपक्रम आहे. त्यात प्रत्येक घटकाला आरंभाचे व अंताचे वर्ष देता येते. ज्यांनी त्या गल्ल्यांतून वावर केला ती माणसे आज हयात आहेत. त्यांच्याकडून नावे विचारून घेण्याची मुदत नकाशाच्या नव्हे, माणसाच्या आयुष्याने ठरते.

मराठी वाङ्मयात या कामाला एक पूर्वपरंपरा आहे. १४ व्या शतकातील महानुभावांची ‘स्थानपोथी’ हा चक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थानांचा गद्य आलेख आहे. देवळाचे दार कोणत्या दिशेस, नदी कोणीकडे, वृक्ष कोठे, आसन कोठे, अशा खुणा त्यात दिल्या आहेत. चित्र नाही, मोजपट्टी नाही. परंतु अनुयायाने ती पोथी हाती घेऊन स्थान शोधावे हाच तिचा हेतू. त्याच संप्रदायाच्या ‘लीळाचरित्रा’त निरनिराळ्या साक्षींचे भेद ‘वासना’ म्हणून, त्या त्या परंपरेच्या नावासह टिपलेले आढळतात. एक साक्ष खरी ठरवून बाकीच्या पुसून टाकण्याऐवजी कोण काय सांगतो ते जपावे, ही शिस्त सातशे वर्षांपूर्वी मराठी गद्याने आत्मसात केली होती.

६

या विवेचनावरून लोकनिर्मित नकाशाच्या सुधारणेची दिशा स्पष्ट होते. रेषा अधिक अचूक करणे हे काम चालूच राहील. त्यासाठी साधने आहेत आणि ती सुधारत आहेत. २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतातील नकाशाविषयक सामग्रीवरील निर्बंधही बरेच शिथिल केले. उणीव आहे ती नावांच्या साक्षीची. विद्यापीठातील भाषाविभागांनी एकेक मुहल्ला हाती घ्यावा. विद्यार्थ्यांनी रहिवाशांकडून नाव, उच्चार आणि त्यामागची हकीकत लिहून घ्यावी. प्रत्येक रूपाची भाषा आणि आधार नोंदवावा. वाद असल्यास तो नोंदीबरोबर खुला ठेवावा. ज्या खणाला साक्ष नाही तो रिकामा सोडावा. हे काम मोठ्या खर्चाचे नाही, परंतु त्यात चिकाटी लागते, आणि स्थानिक बोलीचा, मराठीचा, बंगालीचा, तमिळचा, तेलुगूचा जाणकार एकत्र बसावा लागतो. कारण वाराणसीच्या घाटांवर या सर्व भाषांनी आपापली नावे ठेवली आहेत.

एकनाथांनी टीका पूर्ण केल्याचे सांगताना काळाबरोबर स्थळही नोंदवून ठेवले: वाराणसी, मणिकर्णिकेचे तीर, पंचमुद्रा पीठ. ग्रंथ कोठे संपला हे सांगितल्यावाचून तो पुरा झाला असे त्यांना वाटले नाही. मराठीतील या स्थळनिर्देशाला आजच्या नकाशावर एक बिंदू मिळावा, आणि तो मिळताना आधार कोणता व शंका कोणती हेही तेथेच लिहिलेले असावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.